खुले तळे, बंद तोटी : मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासाकडे पाहताना

मी संगणकांची राखण करणारा माणूस आहे. हुद्दा सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा. सांगलीतील एका संस्थेचे सर्व्हर चालू ठेवायचे, कोणाला कोणती फाईल उघडता येईल हे ठरवायचे, रोज रात्री सगळ्याच्या प्रती काढून ठेवायच्या आणि बिघाड झाला की मध्यरात्री उठून बसायचे, हे माझे काम. ह्या सर्व सर्व्हरवर लिनक्स चालते. गाव कवठे महांकाळ. माझ्या आज्याने तरुणपणी वेशीवर येसकरपाळी केली. मीही रात्रपाळीत वेसच राखतो. फरक इतकाच की मला पगार मिळतो आणि किल्ल्या माझ्याजवळ असतात. हा फरक लहान नाही, म्हणून हा लेख.

चळवळीतील मित्र मला म्हणतात की, जमिनीचा प्रश्न आहे, शिष्यवृत्तीचा आहे, अत्याचार तर रोजचेच. अशा वेळी संगणकाचे हे पुराण आपल्याला काय उपयोगाचे? त्यांचा प्रश्न रास्त आहे. परंतु बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढले आणि ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’, तेव्हाही समाजापुढे भाकरीचा प्रश्न होताच. तरी त्यांनी पत्र काढले आणि पुढे समाजाचा स्वतःचा छापखाना असावा म्हणून धडपड केली. दुसऱ्याच्या यंत्रावर आपला शब्द किती दिवस टिकतो, हे त्यांना ठाऊक होते. आजचा छापखाना संगणकात आहे. आपली पत्रके, आपले अंक, आपल्या माणसांच्या वह्या आता तेथे आहेत, आणि त्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे हे आपण कधी विचारले नाही. मीही विचारले नव्हते. त्याची किंमत काय पडली ते पुढे सांगतो.

प्रथम थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण ह्या क्षेत्रात इतिहास चमत्कारकथेसारखा सांगितला जातो : एक विक्षिप्त अमेरिकन आणि एक हुशार फिनिश विद्यार्थी यांनी केवळ बुद्धीच्या बळावर जग बदलले. वस्तुतः प्रत्येक वळणावर कोणीतरी पोसणारे होते. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स सुरू केले. ही प्रयोगशाळा अमेरिकेतील टेलिफोनच्या मक्तेदार कंपनीची. १९५६ सालच्या न्यायालयीन तडजोडीमुळे त्या कंपनीला टेलिफोनबाहेरचा धंदा करण्यास मनाई होती, म्हणून युनिक्स विद्यापीठांना अल्प मोलाने मिळाले आणि विद्यार्थी ते उघडून वाचू लागले. युनिक्सचे पहिले खरे गिऱ्हाईक कोण होते? त्याच कंपनीचा पेटंट विभाग. त्यांना अर्ज नीट टाइप करून हवे होते. टायपिस्टच्या टेबलावरून ह्या साऱ्याची सुरुवात झाली, ही गोष्ट डीटीपीच्या दुकानातून वर आलेल्या मला विशेष आवडते. १९८४ साली ती मक्तेदारी मोडली, कंपनीला धंद्याची मोकळीक मिळाली आणि युनिक्सला कुलूप लागले.

त्याच सुमारास रिचर्ड स्टॉलमन हे एम.आय.टी.च्या प्रयोगशाळेत होते. त्यांच्याकडे झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर आला. कागद वारंवार अडकत असे. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्टॉलमननी अशी सोय करून ठेवली होती की, कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना संदेश जावा. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येईल अशा स्वरूपातील मूळ प्रोग्रॅम, त्यांना मिळेना. दुसऱ्या विद्यापीठातील ज्या संशोधकाकडे तो होता, त्याने तो कोणास न देण्याच्या करारावर सही केली होती. हा नकार स्टॉलमनना जिव्हारी लागला. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली, १९८४ च्या जानेवारीत नोकरी सोडली, १९८५ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले आणि १९८९ साली जीपीएल नावाचा परवाना लिहिला.

ह्या परवान्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. प्रोग्रॅम कोणत्याही कामासाठी चालवा, उघडून वाचा, बदला, प्रती वाटा, बदललेल्या प्रतीही वाटा. अट एकच : तुम्ही ज्याला द्याल त्यालाही हे सर्व अधिकार मिळाले पाहिजेत. पाणी घेऊन जा, पण पुढे नेऊन त्याला कुलूप लावू नका. इंग्रजीत मुक्त आणि फुकट यांना एकच शब्द आहे, त्यामुळे स्टॉलमनना आयुष्यभर खुलासे करीत फिरावे लागले. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत, आणि फुकट राबणे म्हणजे काय हे तर आपल्याला कोणी शिकवायलाच नको. प्रिंटरची ही गोष्ट ऐकताना मला मात्र दरवेळी वाटते की, ज्याला घरातून बाहेर काढले जाते त्याचा हा राग आहे. आपल्याला त्या घरात कोणी घेतलेच नव्हते. रागाची जात निराळी आहे, तरी रस्ता काही अंतरापर्यंत एकच आहे.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्डस या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचे जाहीर केले. १९९२ साली त्याने ती जीपीएल परवान्याखाली आणली आणि जीएनयूच्या प्रोग्रॅमांना तिची जोड मिळून आज ज्याला आपण लिनक्स म्हणतो ते उभे राहिले. त्याची हुशारी मी नाकारीत नाही. पण त्या देशात विद्यापीठाचे शिक्षण विनाशुल्क होते, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे. छंदाला वेळ लागतो आणि वेळेला कोणीतरी जेवू घालावे लागते.

१९९१ हे साल आपल्याही लक्षात राहण्याजोगे आहे. ते बाबासाहेबांचे जन्मशताब्दी वर्ष. कवठ्यात मिरवणूक निघाली होती, मी हलगीच्या पुढे नाचत होतो. त्याच वर्षी हेलसिंकीत लिनक्स निघाले, त्याच वर्षी भारतीय मानक संस्थेने इस्की हे भारतीय लिप्यांचे संगणकीय मानक प्रसिद्ध केले आणि ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला; ‘क’चा क्रमांक ०९१५. जगातल्या कोणत्याही यंत्रावर हा क्रमांक म्हणजे ‘क’च. कागदावर आपली अक्षरे त्या दिवशी मोकळी झाली. प्रत्यक्षात ती आमच्या हातात यायला आणखी पंधरा-वीस वर्षे गेली.

कारण मधल्या काळात मराठी टाइप करायची म्हणजे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागे. १९९६-९७ च्या सुमारास मी मिरजेत एका डीटीपीच्या दुकानात कामाला होतो. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिले, पतसंस्थांचे अहवाल. मराठीचे सॉफ्टवेअर एका कंपनीचे होते आणि त्याबरोबर बोटाएवढे एक हार्डवेअर लॉक येई. ते यंत्राच्या मागे, प्रिंटरच्या खाचेत बसवायचे. लॉक नसेल तर मराठी नाही. दुकानात यंत्रे तीन, लॉक एक. म्हणून मराठी एकाच यंत्रावर. मालक दुकान बंद करताना गल्ल्यातील पैशांबरोबर ते लॉकही खिशात घालून घरी नेई.

याहून वाईट गोष्ट आतल्या बाजूस होती. प्रत्येक कंपनीने अक्षरांना आपापल्या मर्जीने जागा दिल्या होत्या. इंग्रजी व युरोपीय अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांची चित्रे चिकटवलेली. फाँट असेपर्यंत पडद्यावर मराठी दिसे. फाँट गेला की तीच फाईल म्हणजे डोक्यावर टिंबे आणि टोप्या घातलेल्या परकीय अक्षरांची रांग. एका कंपनीच्या फाँटमधला मजकूर दुसरीच्या फाँटमध्ये निव्वळ कचरा. म्हणजे आपण मराठी लिहीतच नव्हतो. मराठीचा मुखवटा घातलेले काहीतरी लिहीत होतो आणि तो मुखवटा भाड्याचा होता.

त्या दुकानात, रात्री काम संपल्यावर, मालकाच्या परवानगीने मी आमच्या वस्तीतील तात्यांची वही टाइप केली. तात्या जलशात गात असत. त्यांची स्वतःची आणि त्यांनी त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींकडून ऐकलेली गीते त्या वहीत होती. एकूण त्रेचाळीस गीते मी तीन फ्लॉप्यांवर घेतली. चार पानांची ट्रेसिंगवर चाचणी प्रिंट काढली. पुस्तिका निघणार होती. कागदाचे पैसे जमले नाहीत. पुढे परतीच्या पावसात तात्यांच्या घराचे छप्पर गळून वही गेली. २००४ साली तात्या गेले. दुकान त्याआधीच बंद पडले होते. गीते फ्लॉपीवर आहेत, या समजुतीवर मी निर्धास्त होतो. ज्या दिवशी मी त्या उघडायला गेलो, त्या दिवशी कळले की कुलूप मी स्वतःच्या हाताने लावून ठेवले आहे.

लिनक्स माझ्याकडे टपालाने आले, असे म्हटले तर खोटे नाही. १९९० नंतरच्या दशकात ‘पीसी क्वेस्ट’ हे मासिक अंकाबरोबर लिनक्सच्या सीडी देत असे; असा एक जुना अंक मला रद्दीत मिळाला. पुढे २००५ पासून काही वर्षे उबुंटूवाले मागेल त्याला सीडी फुकट पाठवीत. कवठ्याच्या पोस्टमनने ती दारात आणून दिली तेव्हा आईने विचारले, “पैसं किती भरायचं?” नाही म्हटल्यावर तिला ते खरे वाटेना. फुकट आलेल्या वस्तूमागे काहीतरी असते, हा तिचा अनुभव. २००४ साली रेड हॅट कंपनीने लोहित हे भारतीय लिप्यांचे फाँट मुक्त परवान्याखाली दिले होते. मी पहिल्यांदा ‘कवठे महांकाळ’ असे युनिकोडमध्ये लिहिले, फाईल दुसऱ्या यंत्रावर नेली, आणि तेथेही ते ‘कवठे महांकाळ’च राहिले. मागे कोणतेही लॉक नव्हते. मला वाटते, ज्यांनी सदैव स्वतःच्या मालकीच्या पाटीवर लिहिले त्यांना या प्रसंगातील आनंद समजणे कठीण आहे.

मराठीची स्वतःची दुखणी होती, ती वेगळी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. हिंदीवाल्यांना हा अर्धा र लागत नाही, म्हणून कित्येक दिवस कित्येक ठिकाणी तो नीट उमटतच नसे. असल्या बारीकसारीक गोष्टी कोणीतरी तक्रार लिहून, कोणीतरी दुरुस्ती पाठवून सुधारल्या. आता तर मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला मुक्त परवान्याचा एक सुबक फाँट सर्रास वापरला जातो. त्याचे नाव मुक्ता. ते नाव वाचताच मला १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी, जोतीरावांच्या शाळेतली मुक्ता साळवे आठवली. तिचा निबंध मी त्याच फाँटमध्ये टाइप करून ठेवला आहे.

इथवरची हकीकत ऐकून मुक्त सॉफ्टवेअरचे कोणी प्रचारक खूश होतील. म्हणून आता दुसरी बाजू.

पाश्चात्य लेखक ह्या सॉफ्टवेअरला सर्वांच्या मालकीचे कुरण, सर्वांची विहीर अशा उपमा देतात. त्यांच्या मनात गावाचे एक गोड चित्र असते. आपल्याला गावाची सार्वजनिक विहीर ठाऊक आहे. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला की, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे परवाना होता. परंतु २० मार्च १९२७ पर्यंत त्या तळ्याचे पाणी आपल्यापैकी कोणी प्यायले नाही. आणि प्यायल्यानंतरही मारहाण झाली, तळ्याचे शुद्धीकरण झाले, दावा गुदरला गेला आणि उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. ठरावापासून निकालापर्यंत तेरा वर्षांहून अधिक काळ. परवाना आणि पाणी यांच्यामध्ये काय काय असते, याचा एवढा स्पष्ट धडा दुसऱ्या कोणत्या समाजाजवळ असेल असे मला वाटत नाही. जीपीएल हा बोले ठराव आहे. त्याचे मोल मी कमी करीत नाही. बोले ठराव नसता तर महाडला जाण्यास आधार कोणता होता? पण ठरावाने तहान भागत नाही.

हे मला पुस्तकातून कळले असे नाही. २०११ साली मी समाजमंदिरात पाच जुनी यंत्रे बसविली. एका कार्यालयाच्या लिलावातली, भंगाराच्या भावात घेतलेली. त्यांवर हलके लिनक्स घातले, मराठी मेनू घातला आणि वस्तीला सांगितले, या, सगळे मोफत आहे. पहिल्या आठवड्यात गर्दी झाली. मग लोडशेडिंग सुरू झाले. संध्याकाळी वीज नाही आणि दिवसा मुले शाळेत. मुलींना अंधार पडल्यावर घराबाहेर सोडत नसत. सुट्टीच्या दिवसांत मोठी मुले-मुली आईबरोबर द्राक्षबागेत किंवा बेदाण्याच्या शेडवर जात. आणि जी दोन-चार टिकली त्यांनी विचारले, ह्याचे सर्टिफिकेट मिळते का? सरकारी नोकरीच्या अर्जाला जे संगणकाचे प्रमाणपत्र लागते, त्याच्या वर्गात शिकवीत ते विंडोज. माझे सॉफ्टवेअर मुक्त होते. त्यांचा वेळ मुक्त नव्हता. दोन वर्षांनी मी यंत्रांवर पोते टाकून ठेवले. केरळात शाळांनीच लिनक्स स्वीकारले, शिक्षकांना शिकविले आणि परीक्षाही त्यावर घेतली. मल्याळम भाषेसाठी झटणारा कार्यकर्त्यांचा गट तेथे उभा राहिला. महाराष्ट्रात मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीतही दिले आहेत. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे. पण अभियांत्रिकीच्या दारापर्यंत जो पोहोचला त्यालाच त्यांचा पत्ता लागतो. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दारात कोणी गेले नाही. मीदेखील समाजमंदिर निवडले, शाळा निवडली नाही. ही माझी चूक होती.

आज आपल्या वस्तीत लिनक्स नाही असे मात्र म्हणता येणार नाही. अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचे कर्नल आहे, म्हणजे ते बेदाण्याच्या शेडवर काम करणाऱ्या बाईच्या कमरेच्या पिशवीतही आहे. जगातील पाचशे सर्वांत बलाढ्य संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालत आले आहेत, आणि तेच लिनक्स तिच्याजवळ आहे. परंतु लिनक्समध्ये ज्याला रूट म्हणतात, म्हणजे सर्व दारे उघडण्याचा अधिकार, तो तिला नाही. फोन तिने हप्त्यावर घेतला, पण कंपनीने घातलेला एखादा नको असलेला प्रोग्रॅमही तिला पुरता काढता येत नाही. बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेतील आपल्या लहानपणाविषयी लिहिले आहे : नळाला पाणी असे, पण तोटी शिपायाने उघडायची; शिपाई जागेवर नसला तर तहानेलेच राहायचे. नळ सरकारी, पाणी सरकारी आणि तहान आपली. हप्त्यावरचा फोन हातात घेतला की मला ती तोटी दिसते.

ह्या तोटीवरून मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांतही भांडण झालेले आहे. टिव्हो नावाचे टीव्हीचे यंत्र लिनक्सवर चाले. कंपनीने परवान्याप्रमाणे सोर्स कोड दिला, पण बदललेला प्रोग्रॅम त्या यंत्रावर चालू नये अशी तजवीज केली. वाचा, पण बोट लावू नका. स्टॉलमन यांनी २००७ साली जीपीएलची तिसरी आवृत्ती काढून ही पळवाट बंद केली. टोरवाल्डस यांनी ती नाकारली आणि लिनक्सचे कर्नल दुसऱ्या आवृत्तीवरच राहिले. माझे काम टोरवाल्डस यांच्या कर्नलवर चालते, मत मात्र या बाबतीत स्टॉलमन यांच्या बाजूस आहे. १९९८ च्या फेब्रुवारीत ‘ओपन सोर्स’ हा नवा शब्द काढला गेला, तोही कंपन्यांना ‘स्वातंत्र्य’ या शब्दाची धास्ती वाटू नये म्हणून. शब्द सौम्य केला की मागणीही सौम्य होते, हे आपण आपल्या चळवळीतही पाहिले आहे.

आता गुणवत्तेविषयी. ह्या क्षेत्रात अभिमानाने सांगितले जाते की, येथे कोणी जात विचारीत नाही. कोड चांगला असला की झाले. राखीव जागांच्या प्रत्येक वादात आपण हाच ‘मेरिट’ शब्द ऐकला आहे. पुण्यात एका मेळाव्यात माझ्या एका दुरुस्तीचे कौतुक झाले. चहाच्या वेळी एकाने विचारले, “पूर्ण नाव काय?” मी सांगितले. तो “अच्छा” म्हणाला आणि पुढचा प्रश्न त्याने शेजाऱ्याला विचारला. एवढेच. ह्याची तक्रार कोठे करणार? कोड कोणी नाकारला नव्हता.

म्हणून आचारसंहितेचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो. कॉन्ट्रिब्युटर कोव्हेनंट ही मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांत सर्वाधिक प्रचलित अशी संहिता. कोणत्या कारणांवरून भेदभाव होता कामा नये याची यादी तीत आहे. २०२१ सालच्या तिच्या २.१ या आवृत्तीत ‘जात’ हा शब्द आला. लिनक्सच्या कर्नलने सप्टेंबर २०१८ मध्ये स्वीकारलेली संहिता त्याआधीच्या १.४ आवृत्तीवर बेतलेली. तीत वंश आहे, धर्म आहे, शिक्षण आणि आर्थिक स्थितीही आहे, जात नाही. भारतीय माणसे ज्या क्षेत्रात हजारोंनी आहेत, त्या क्षेत्राच्या संहितेत हा एक शब्द यायला इतका काळ लागला. कारण जे आपल्याकडून आधी तेथे पोहोचले त्यांना तो शब्द उच्चारण्याची गरज वाटली नव्हती.

शब्दांचीच आणखी एक गोष्ट. जुन्या यंत्रांत एका केबलवर दोन हार्ड डिस्का लावायच्या तर एक ‘मास्टर’ आणि दुसरी ‘स्लेव्ह’ ठरवावी लागे. त्यासाठी मागच्या सुयांवर इवलीशी टोपी सरकवायची. दुकानात असताना मी दिवसातून दोनदा एखादी डिस्क गुलाम करीत असे आणि त्याचे मला काही वाटत नसे. जुलै २०२० मध्ये लिनक्सच्या कर्नलने नव्या कोडमध्ये हे मालक-गुलाम शब्द टाळण्याचे ठरविले. आपल्याकडील अनेकांनी त्याची टिंगल केली. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केली. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात बसून ज्याला हे नाते कळले, त्याच्या प्रांतातील सुशिक्षितांनी हसावे याचे मला दुःख झाले.

आणि श्रमाचे काय? मार्च २०२४ मध्ये उघडकीस आले की, एक्सझेड नावाच्या फायली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कोणीतरी चोरदार ठेवले आहे. जगभरातील लिनक्सच्या यंत्रांत हा प्रोग्रॅम असतो. तो सांभाळणारा माणूस मात्र एकच, बिनपगारी आणि थकलेला. टोपणनावाने आलेल्या एकाने दोनेक वर्षे त्याला मदत करून विश्वास संपादन केला आणि मग दगा दिला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपले यंत्र आत घ्यायला अर्धा सेकंद अधिक लावते आहे असे वाटले, म्हणून त्याने शोध घेतला आणि अनर्थ टळला. त्या रात्री मीही माझे सर्व्हर एकेक करून तपासले. ज्या प्रोग्रॅमवर मोठमोठ्या कंपन्यांचा कारभार उभा आहे, त्याच्या राखणदाराला कोणी भाकरी विचारली नव्हती. ह्याला आपल्या भाषेत वेठ म्हणतात. वेठीला सेवाभावाचे नाव दिले की ती दिसेनाशी होते. महार वतनाच्या बाबतीतही वतन हा मानाचा शब्द होताच, आणि ते वतन कायद्याने जायला स्वातंत्र्यानंतरही दहा-अकरा वर्षे लागली. म्हणून आपल्या मुलांनी मुक्त सॉफ्टवेअरमध्ये जावे, पण फुकट राबण्याला त्याग समजू नये, असे मी त्यांना सांगतो. कर्नलवरील बहुतेक काम आज पगारी नोकरच करतात. ते पगार आपल्यालाही मिळाले पाहिजेत.

आता तात्यांच्या फ्लॉप्या. करोनाच्या टाळेबंदीत हाती वेळ होता. बाहेरून जोडायचा एक फ्लॉपीवाचक मिळविला. डीडीरेस्क्यू हा मुक्त प्रोग्रॅम खराब झालेला भाग आधी सोडून देतो, चांगले ते उचलतो आणि मग सोडलेल्या जागी पुन्हापुन्हा जाऊन प्रयत्न करतो. दोन फ्लॉप्या अशा रीतीने निघाल्या, तिसरी निघाली नाही. पण निघाले ते परकीय अक्षरांचे रान. वस्तीतील एक अकरावीतली मुलगी आणि तिचा भाऊ माझ्याबरोबर बसले. ट्रेसिंगवरची ती चार पाने घरात सापडली होती. ती शेजारी ठेवायची, पडद्यावरील चिन्ह पाहायचे आणि कोणते चिन्ह म्हणजे कोणते अक्षर ते वहीत लिहीत जायचे. त्या फाँटमध्ये ‘स’ हे एक अक्षर नव्हते. अर्धा स् आणि पुढे काना असे दोन तुकडे होते. ते आधी जोडावे लागले. पहिली वेलांटी दिसते आधी आणि टाइपही आधी केलेली, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. तिला मागे न्यावे लागले. रफार शेवटी टाइप केलेला, त्याला पुढे आणावे लागले. हा क्रम चुकला की सगळे बिघडते. त्या मुलीने पायथनमध्ये पन्नासएक ओळींचा प्रोग्रॅम माझ्यादेखत लिहिला. भावाच्या फोनवर शिकत होती, हे मला तेव्हा कळले. समाजमंदिरातील यंत्रांवरचे पोते तिनेच काढले.

एकोणतीस गीते पूर्ण मिळाली, सहा अर्धवट. आठ तिसऱ्या फ्लॉपीत राहिली. छापून काढून ती पाने आम्ही तात्यांच्या लेकीकडे, आक्कांकडे नेली. त्यांना वाचता येत नाही. मुलीने वाचून दाखविले. एका ठिकाणी आक्कांनी हात वर केला. “तात्या आसं म्हनत नव्हतं. ह्यो शबुद तुजा हाय,” असे त्या मला म्हणाल्या. १९९७ मध्ये टाइप करताना मीच तेथे बोलीतला शब्द काढून पुस्तकी शब्द घातला होता. यंत्राने तो जसाच्या तसा जपून ठेवला. मग आक्कांनी ते गीत म्हटले, आणि तिसऱ्या फ्लॉपीतील आठांपैकी तीन त्यांना पाठ आहेत हेही त्याच दिवशी कळले.

वाचकांपैकी ज्यांच्याकडे १९९० ते २००८ च्या सुमारास टाइप केलेली पत्रके, अंक, पुस्तिका किंवा वह्या फ्लॉपीवर वा सीडीवर पडून असतील, त्यांनी त्या टाकून देऊ नयेत. फ्लॉपी कोरड्या जागी ठेवावी, लोहचुंबकापासून दूर. कोणत्या दुकानात आणि कोणत्या सॉफ्टवेअरवर टाइप केले ते आठवत असेल तर चिठ्ठीवर लिहून त्याच पाकिटात घालावे. फाँटचे नाव ठाऊक असेल तर फारच उत्तम. त्या मजकुराचे एखादे जरी छापील पान असेल, फाटके असले तरी, ते सोबत ठेवावे, कारण अक्षरांचे कोष्टक त्या पानावरूनच बनते. ज्यांनी मूळ गीते म्हटली वा ऐकली अशी माणसे हयात असतील, तर त्यांच्याकडे आधी जावे आणि फ्लॉपीकडे नंतर.